भाताने चिकटवलेलं पान

हिमायतनगर, हैदराबाद
२२ सप्टेंबर २०२५

श्रीमती शैला आगाशे यांस,
रजनी सेलूकरचा कोपरापासून नमस्कार.

दचकू नकोस. ज्यांच्या नावाच्या पेट्या अभिलेखागारात ठेवल्या जातात, त्यांना असाच नमस्कार घालायचा असतो, हे मला परवा तारनाक्याला कळलं.

फोन केला असता. पण फोनवर तू "रजू गं" म्हणतेस आणि मी विरघळते, हे पंचाहत्तरीला टेकल्यावर तरी मला उमगायला हवं. शिवाय या घरात मराठी वाचणारी मी एकटीच उरलेय. मुलगा अजय दुकानाची पाटी वाचावी तसं एकेक अक्षर लावत वाचतो आणि नात मानसी तर बोलते मराठी आणि वाचते तेलुगू. त्यामुळे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी भीती नाही. तेव्हा आता नीट ऐक.

तारनाक्याला एका जुन्या बंगल्यात शहराच्या जुन्या कागदांचं अभिलेखागार निघालंय. तिथल्या भाग्यलक्ष्मी नावाच्या मुलीचा मला फोन आला. "अम्मा, सोळा डिसेंबरला एकाहत्तरच्या युद्धावर प्रदर्शन ठेवायलो. त्या वेळी कॉलेजात असलेल्या लेडीज शोधतेय. फोटोतल्या मुली ओळखायला येता का?" मी कशाला नाही म्हणू? इस्त्रीची साडी नेसून गेले. तिने मला टेबलाशी बसवलं, हातात पांढरे मोजे चढवले आणि एक करडी पेटी उघडली.

आपली वही, शैला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली. खाकी पुठ्ठ्याची, वरती तांबडी लेस. वर्तमानपत्रांची कात्रणं, वसतिगृहाच्या काचांना खाकी कागद लावणाऱ्या मुली, मैदानात खणलेला चर, काचीगुडा स्टेशनवर जवानांच्या गाडीला चहा देणाऱ्या आपण. चोपन्न वर्षांनी ती वही अशी समोर आली आणि माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मग मी पेटीवरची चिठ्ठी वाचली आणि पाणी आटलं.

"शैला आगाशे (पूर्वाश्रमीच्या उमरीकर) संग्रह. युद्धकाळातील विद्यार्थिनीची चिकटवही व छायाचित्रे. छायाचित्रकार : अज्ञात."

अज्ञात म्हणजे मी. आमच्या प्रमोददादाचा डबा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, श्वास रोखून फोटो काढणारी तुझी सख्खी मावसबहीण अज्ञात. एकतीस फोटो आहेत, मी मोजले. त्यातल्या सव्वीसांत तू आहेस. चहा देताना तू, विणताना तू, चरात उतरताना तू. मी एकातही नाही, कारण मी समोर उभी राहून तुला "हनुवटी जरा वर" म्हणत होते.

मला लहानपणापासून तुझा हेवा वाटतो, हे तुलाही माहीत आहे, मलाही. तुझा रंग, तुझे केस, तुझं पुण्याचं सासर. ते सगळं मी गिळलं. हे गिळायचं नाही असं ठरवलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोळा डिसेंबरच्या आत तू तुझ्या हाताने अभिलेखागाराला लिही की फोटो रजनीने काढलेत. बाकी पेटी तुझी, वही तुझी, तोंडही तुझंच.

रजनी सेलूकर


कोथरूड, पुणे
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय रजू,

पत्र वाचून आधी हसले. तुझं अक्षर अजून तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं. पस्तीस वर्षं भूगोल शिकवल्याचा परिणाम. आणि रागही तसाच, दूध उतू जावं तसा. पातेलं खाली उतरवलं की शांत.

अगं, झालं काय ते सांगते. हा फ्लॅट लहान पडतो म्हणून मी जुन्या वस्तू काढत होते. लेक केतकी तेव्हा रजेवर आली होती. तिच्या गच्चीबावलीच्या ऑफिसात कुणीतरी या अभिलेखागाराबद्दल सांगितलं होतं, तर ती ट्रंकच उचलून घेऊन गेली. फॉर्म तिने भरला. तिला काय माहीत कोण कुणाचे फोटो काढत होतं? तिने "अज्ञात" लिहिलं. यात माझा काय दोष?

आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी खात्रीने कोण सांगणार? काही फोटो प्रमोददादानेही काढले असतील. तो बिचारा आता विचारायलाही नाही. आपण दोघींनीही तेव्हा देशासाठी केलं, नावासाठी नाही. सव्वीस वेळा माझं तोंड आलं म्हणून मला काय मोठं बक्षीस मिळालं? आता आरशात बघवत नाही. तुझ्याभोवती मुलगा, सून, नात. इथे सकाळी येणाऱ्या नर्सशिवाय माझ्याशी बोलायला कुणी नाही. हेवा करायचाच तर मी करायला हवा.

एक सांगायचं राहिलं. वहीची शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. ती तशीच राहू देत. कागद जुना झालाय, ओढाताण केली तर फाटेल. त्या मुलीला तेवढं सांगून ठेव, तू जवळ आहेस म्हणून.

दिवाळीला चकली करशील तेव्हा माझी आठवण काढ.

तुझी,
शैला


हिमायतनगर
१४ ऑक्टोबर २०२५

शैला,

चकलीचा सोऱ्या हातात होता तेव्हाच तुझं पत्र आलं. चकल्या जळल्या.

"काही प्रमोददादानेही काढले असतील." हे लिहिताना तुझा हात थांबला नाही? डिसेंबरभर प्रमोददादा औरंगाबादला परीक्षेला बसला होता. कॅमेरा माझ्या हाती देऊन गेला होता आणि बारा फोटोंच्या रोलसाठी मी माझ्या बसच्या पासाचे पैसे आबिड्सच्या स्टुडिओत देत होते. महिनाभर नारायणगुड्याहून कॉलेजला पायी जायचे. तू म्हणायचीस, चालल्याने रजू बारीक होईल.

आता तुला एक बातमी देते. परवा परत तारनाक्याला गेले होते. भाग्यलक्ष्मी सगळी वही पाहून चकित झालीय. म्हणाली, "अम्मा, त्या काळच्या वह्या आमच्याकडे येतात तेव्हा चाळणी होऊन येतात. या वहीला कसर कशी नाही लागली?" मी विचारलं, पान उलटून मागे निळसर डाग दिसतात का? तर दिसतात. आठवतं का तुला? काचांना कागद लावायला मी बादलीभर खळ शिजवली होती आणि सुलतान बाजारात पुस्तकं बांधणारे जिल्दसाज गफूरसाब म्हणाले होते, "अम्मा, लेई में नीलातोता डालो, कीड़ा नक्को बोलके भागता." म्हणून मी त्यात मोरचूद घातलं. तू नाक मुरडून म्हणालीस, विषारी असतं ते, मी हात लावणार नाही. सगळी वही मी एकटीने चिकटवली आणि आठ दिवस माझी नखं निळी होती.

भाग्यलक्ष्मीने हे लगेच कार्डावर लिहून घेतलं. आता तुझ्या पेटीच्या कार्डावर एक ओळ वाढली आहे : "खळीत मोरचूद". माझं नाव नाही, पण माझ्या खळीचं आहे.

आणखी एक. मोजे घालून, भिंग घेऊन नीट बघितलं. जवळजवळ सगळे फोटो खालून बोटभर कापलेले आहेत. मला आधी वाटलं, वहीत बसावेत म्हणून. मग डोक्यात प्रकाश पडला. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा असतो. म्हणजे माझी सावली पुढे, तुझ्या पायाशी पडायची. ती तू कापलीस. चिकटवलं मी, पण कापून तू द्यायचीस. एवढीशी सावलीसुद्धा सहन झाली नाही तुला? मी काय खात होते का तिथे?

आणि आता शेवटची पानं. काय बोलायलीस तू, फाटतील म्हणे. मला ठाऊक आहे तिथे काय आहे. काचीगुड्याला तू एकदा माझ्या हातातून कॅमेरा घेऊन माझा फोटो काढला होतास. एकच. तो मला तू कधी दाखवला नाहीस. तो चांगला आला असणार. मी त्या दिवशी निळी साडी नेसले होते आणि सगळे म्हणत होते आज रजनी छान दिसतेय. तो तुला बघवला नाही म्हणून तू दडपून ठेवलास. आहे ना?

मी भाग्यलक्ष्मीला सांगितलंय, पानं उघड. ती म्हणाली दिवाळीनंतर करू.

जाता जाता माझंही एक पाप सांगून ठेवते. तिने मला ओळख-तक्ता भरायला दिला. फोटोचा नंबर आणि त्यापुढे डावीकडून कोण कोण ते. मी सगळ्या मुलींची नावं लिहिली. हॉस्टेलची चतुराबाई आया होती ना, तिचंसुद्धा लिहिलं. तुझ्या चेहऱ्यापुढे लिहिलं, "अनोळखी मुलगी". सव्वीस वेळा. अज्ञात कसं वाटतं ते तूही बघ.

रजनी


कोथरूड
२३ ऑक्टोबर २०२५

रजू,

पत्र आज, भाऊबीजेच्या दिवशी मिळालं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून स्पीडपोस्टने हे पाठवतेय.

ती पानं उघडायला लावू नकोस. तिथे तुझा फोटो नाही. तुझा फोटो आलाच नव्हता, मला फिल्म पुढे कशी सरकवायची ते कळलं नाही आणि तुझ्या फोटोवरच पुढचा गाडीचा फोटो आला. सगळं पांढरं झालं. आईची शपथ.

मी जानेवारीत केतकीकडे येणार आहे. तेव्हा आपण दोघी जाऊ आणि मी माझ्या हाताने उघडीन. तोपर्यंत थांब. अनोळखी मुलगी लिही, काय हवं ते लिही, मी काही म्हणणार नाही. केतकीलाही मी सांगतेय की वही थोडे दिवस परत मागून घे.

एवढं माझं ऐक.

शैला


हिमायतनगर
३ नोव्हेंबर २०२५

शैला,

तुझं स्पीडपोस्ट एकतीस तारखेला आलं. पानं सत्तावीसला उघडली होती.

उघडली म्हणायचं एवढंच. भाग्यलक्ष्मीने पातळ पट्टी कडेला लावली आणि पान आपणहून सुटलं. बाकी साऱ्या वहीला माझी खळ आहे, हे एक पान तू चिकटवलंस. भाताने. ताटातली शितं घेऊन पाकीट बंद करावं तसं. कसरीने शितं कधीच खाऊन टाकली होती, कागद नुसता कागदावर टेकला होता. शितांचे ठसे तेवढे दिसत होते.

आतून दोन वस्तू निघाल्या. एक फोटो, बत्तिसावा. एक पत्र, इंग्रजीत टाइप केलेलं, मुंबईच्या सचित्र साप्ताहिकाचं. तारीख १२ जानेवारी १९७२. भाग्यलक्ष्मीने मोठ्याने वाचलं. मी तिला परत वाचायला लावलं.

"तुम्ही पाठवलेल्या सहा छायाचित्रांपैकी गाडीच्या खिडकीतून आलेल्या हाताचे छायाचित्र आम्हाला छापायचे आहे. हे कोणी काढले? ती मुलगी मुंबईस येऊ शकेल काय? आमच्या छायाचित्र विभागात तिला शिकण्याची व कामाची संधी देता येईल. कृपया तिचे नाव व पत्ता कळवावा."

तू मला सांगितलं होतंस, त्यांनी उत्तरसुद्धा पाठवलं नाही. आपल्या नारायणगुड्याच्या जिन्यात उभी राहून सांगितलंस. म्हणालीस, "फोटो धूसर आहेत गं, आपल्याला वाटतात चांगले." मी त्याच आठवड्यात कॅमेरा प्रमोददादाला परत दिला आणि त्याने तो विकला. त्यानंतर कुणाच्या लग्नात कुणी हातात कॅमेरा दिला तरी मी म्हणायचे, नको बाई, माझे फोटो धूसर येतात. चोपन्न वर्षं म्हणत आले.

मला वाटलं होतं तिथे माझं तोंड असेल. मी फार लहान गोष्टीवर जळत होते.

उत्तर नको.

रजनी


कोथरूड
१६ नोव्हेंबर २०२५

रजू,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहितेय. वाचू नकोस वाटलं तर वाचू नकोस.

मी ते पत्र दडवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. उगाच आजारपण, आईचा दबाव असं काही पुढे करणार नाही. हेव्याने केलं.

सहा फोटो मी निवडले होते. त्यातल्या पाचांत मी होते. सहावा तूच म्हणालीस म्हणून टाकला, जवानाचा हात, चहाचा पेला आणि पेल्याखाली माझी दोन बोटं, मनगट आणि बांगड्या. मला वाटलं, ते मला बोलावतील. खरंच वाटलं होतं. वीस वर्षांची होते आणि रस्त्याने जाताना लोक वळून बघायचे, एवढाच माझा अनुभव. पत्र आलं, माझ्या नावाने आलं, मी जिन्यातच फोडलं. पाच वेळा माझा चेहरा पाहून त्यांनी उचलला तो, ज्यात मी नव्हते. आणि विचारलं, हे काढणारी कोण?

रजू, तुला वाटायचं सगळे माझ्याकडे बघतात. बघायचे. पण मला तेव्हाच कळलं होतं की चेहरा माझा नाही, आजीकडून आलाय आणि दहा-वीस वर्षांनी जाणार. तुझ्याकडे जे होतं ते तुझं होतं. तू मान खाली घालून त्या डब्यात बघायचीस ना, तेव्हा तू मला विसरायचीस. मी समोर उभी, आणि तू फक्त ऊन बघायचीस. मला त्याचा फार राग यायचा. सावल्या मी त्या रागानेच कापल्या. तू म्हणालीस तसंच.

पत्र फाडायला तीनदा घेतलं. फाडवलं नाही. मग वहीत ठेवलं आणि वरून पान चिकटवलं. तुझी खळ घरात वाटीभर उरलेली होती, पण त्या खळीला मला हात लावता येईना. म्हणून भात. आईने विचारलं, काय चिकटवतेस? मी म्हटलं, पाकीट.

तू कॅमेरा परत केलास त्या दिवशी वाईट वाटलं असं मी लिहायला हवं. खरं सांगू? त्या दिवशी बरं वाटलं होतं. वाईट नंतर वाटायला लागलं, तू शाळेत लागलीस तेव्हा. तुझं दरवर्षी पत्र यायचं, सहलीला गेलो, मुलांना गोवळकोंडा दाखवला, नदी कशी वळते ते दाखवलं. एकाही पाकिटात फोटो नसायचा. मी पाकीट हलवून बघायचे.

केतकीने ट्रंक उचलली तेव्हा मी नको म्हणू शकले असते. म्हणाले नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. सांगायचं धैर्य नव्हतं आणि न सांगता मरायचंही नव्हतं, असं काहीतरी असेल. मग तुझं पत्र आलं आणि परत घाबरले, परत खोटं लिहिलं. प्रमोददादाचं नाव घेतलं त्याची सगळ्यांत जास्त लाज वाटते.

अभिलेखागाराला मी पत्र लिहिलंय. बत्तीसही फोटो तेव्हाच्या रजनी नांदेडकरने काढले, असं. पेटीवरचं माझं नाव काढून तुझं घाला, असंही लिहिलंय. साप्ताहिकाला मी उत्तर दिलं नाही, हेही लिहिलंय. केतकीला वाचून दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाही.

माफी मागत नाही. ती मागायची सोयही मी ठेवली नाही, हे मला कळतं.

शैला


हिमायतनगर
१८ डिसेंबर २०२५

शैला,

महिना घेतला, कारण आधी जी तीन पत्रं लिहिली ती पाठवण्यासारखी नव्हती. एकात तर गफूरसाबांनीही कानांवर हात ठेवावेत असे शब्द होते.

आधी प्रदर्शनाचं सांगते. सोळाला सगळे गेलो, अजय, सूनबाई, मानसी, आणि तुझी केतकीही आली होती. माझ्या शेजारी उभी राहून रजूमावशी, रजूमावशी करत रडत होती, तिला मीच पाणी दिलं. बत्तिसावा फोटो त्यांनी मोठा करून एका भिंतीवर एकटाच लावलाय. खिडकीचे गज, बाहेर आलेला हात, पेल्यातून निघणारी वाफ. धूसर नाही गं. वाफसुद्धा धूसर नाही. खाली लिहिलंय, "छायाचित्र : रजनी सेलूकर (पूर्वाश्रमीच्या नांदेडकर)". मानसीने ते इंग्रजीतलं वाचलं आणि म्हणाली, "आज्जी, हे तू? मग नंतर का नाही काढले?" मी तिला म्हटलं, नंतर सांगते. काय सांगू ते अजून ठरलं नाही.

आणि तुला काय वाटलं, लोक माझ्या फोटोपुढे उभे होते? दोघंतिघं थांबली. सगळी गर्दी तुझ्यापुढे. चरातून वर येतानाचा तो फोटो आहे ना, त्याच्यापुढे बायका एकमेकींना विचारत होत्या, "कौन है जी ये पोट्टी, कित्ती खूबसूरत है." मी तिथेच कोपऱ्यात खुर्चीवर बसून जळत होते. चोपन्न वर्षांनी, नाव भिंतीवर लागल्यावरही जळत होते. तेव्हा हा रोग काही जाणारा नाही, हे मी मान्य केलंय.

पण एक सांगू का, तुझं पत्र मी किती वेळा वाचलं? "मला त्याचा फार राग यायचा" या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. शैला उमरीकरला माझा हेवा वाटत होता. मला वाटत होतं मी एकटीच जळतेय, तू निवांत केस विंचरतेस. ती ओळ वाचून मला इतका आनंद होतो की माझीच मला लाज वाटते. बाई, हे तू मला बहात्तर साली जिन्यात सांगितलं असतंस, तर ते पत्र दडवलंस तरी मी कदाचित हसले असते. आणि कॅमेरा परत दिला नसता. शैला जळते म्हणजे काहीतरी जमतंय, असं समजून रोज फोटो काढले असते.

माफ केलेलं नाही. मुंबई काही मला आता मिळणार नाही, आणि ती कशी झाली असती हे रोज संध्याकाळी मनात येतं. ते तू मला परत देऊ शकत नाहीस आणि मीही दिल्यासारखं करणार नाही. हे आपल्यात राहणार. बस्स.

पेटीवरचं नाव मी बदलू दिलं नाही. वही तुझी होती, मी नुसती चिकटवायचे. खोटं मला कुठल्याच बाजूचं नको.

ओळख-तक्ता मात्र परत मागितला. तिथे शाई चालत नाही, पेन्सिलच वापरावी लागते, हे माझं नशीब. सव्वीस ठिकाणी खोडलं, सव्वीस ठिकाणी लिहिलं : शैला उमरीकर, बी. ए. दुसरं वर्ष. हात दुखला. पाप करताना दुखला नव्हता.

एकोणिसाव्या फोटोपाशी बराच वेळ गेला. वसतिगृहाच्या पायऱ्या, तू विणकाम घेऊन बसलीस. संध्याकाळचं ऊन तिरपं येत असणार, कारण माझी सावली लांब होऊन थेट तुझ्या मांडीवर आली आहे. डोकं, खांदे, पोटाशी धरलेला डबा. ती तुला कापता आली नाही, कापली असती तर तूच अर्धी गेली असतीस. भाग्यलक्ष्मीने विचारलं, "अम्मा, या फोटोत एकच ना?" मी म्हटलं, नाही, दोघी. आणि तक्त्यात लिहिलं : पायरीवर, शैला उमरीकर. तिच्या साडीवर, रजनी नांदेडकर.

जानेवारीत येशील तेव्हा केतकीकडे उतरू नकोस, इकडे ये. अजयचा कॅमेरा कपाटात पडून होता, तो मी काढून घेतलाय, मानसी मला त्याची बटणं शिकवतेय. आमच्या गच्चीवर सकाळी नवाचं ऊन चांगलं असतं. तू उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, सुरकुत्या असू देत. माझी सावली तुझ्या पायावर येईल, तिला तशीच येऊ दे. घरातल्या दोन्ही कात्र्या मी आजच सूनबाईकडे देऊन ठेवल्या आहेत.

रजू